पोलिसांनी हक्क डावलला, तर सरकारकडून भरपाई कशी मागावी : नाशिककरांसाठी मार्गदर्शन

पोलीस ठाण्यात मारहाण झाली, चौकशीच्या नावाखाली दोन दिवस बसवून ठेवले, किंवा कोणतीही नोंद न करता घराची झडती घेतली, तर बहुतेक कुटुंबे पहिल्यांदा एवढेच विचारतात की त्या साहेबांवर कारवाई होईल का. हा प्रश्न योग्यच आहे. मात्र त्याच्याइतकाच महत्त्वाचा दुसरा प्रश्न बहुधा विचारायचा राहून जातो : ज्या शासनाने त्या अधिकाऱ्याला गणवेश आणि अधिकार दिले, ते शासन या हानीची भरपाई देण्यास बांधील आहे का? भारतीय कायद्यात या प्रश्नाचे उत्तर गेली अनेक दशके ‘होय’ असे आहे. हा लेख या दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहे आणि ज्यांनी आजवर न्यायालयाची पायरी चढलेली नाही, अशा नाशिक शहरातील व जिल्ह्यातील वाचकांसाठी तो लिहिला आहे.

एक गोष्ट आरंभीच स्पष्ट केली पाहिजे. शासनाची जबाबदारी तत्त्व म्हणून आज सिद्ध करावी लागत नाही. प्रकरणे अडतात ती पुराव्यावर. तो पुरावा बहुतांशी पहिल्या दोन-तीन दिवसांत तयार होतो, किंवा त्याच दिवसांत कायमचा हातचा जातो. म्हणून या लेखात न्यायालयापेक्षा त्या पहिल्या दिवसांवर अधिक भर दिला आहे.

शासन जबाबदार कशामुळे ठरते

पूर्वी स्थिती वेगळी होती. उत्तर प्रदेशात पोलिसांनी एका व्यापाऱ्याचे सोने जप्त केले आणि ते मालखान्यातून, म्हणजे जप्त माल ठेवण्याच्या खोलीतून, घेऊन हवालदार पाकिस्तानात पळाला. कस्तुरीलाल रलियाराम जैन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या प्रकरणात, पोलिसांचे काम हे राज्याच्या सार्वभौम अधिकारात मोडते, सबब सरकार भरपाईस जबाबदार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. हा निकाल १९६५ च्या निर्णयसंग्रहात छापला आहे आणि सरकारी वकील आजही अधूनमधून त्याचा आधार घेतात.

मूलभूत हक्कांच्या बाबतीत ही भिंत १९८३ साली पडली. बिहारमधील रुदुल साह हे १९६८ साली निर्दोष सुटले होते, तरी त्यांना १९८२ पर्यंत, म्हणजे सुटकेच्या आदेशानंतर तब्बल १४ वर्षे, तुरुंगात ठेवले होते. सर्वोच्च न्यायालयाने केवळ सुटकेवर न थांबता राज्य सरकारला त्यांना पैसे देण्यास सांगितले. पुढे १९९३ साली ओडिशातील नीलाबती बेहेरा यांच्या प्रकरणात न्यायालयाने तत्त्व नेमक्या शब्दांत मांडले. पोलीस कोठडीत असलेला त्यांचा २२ वर्षांचा मुलगा रेल्वेमार्गावर मृतावस्थेत सापडला होता. संविधानाच्या अनुच्छेद ३२ (सर्वोच्च न्यायालय) किंवा २२६ (उच्च न्यायालय) खाली मूलभूत हक्काच्या भंगाबद्दल मागितलेली भरपाई हा स्वतंत्र सार्वजनिक उपाय आहे, त्यात सार्वभौम अधिकाराचा बचाव चालत नाही, आणि दिवाणी दाव्याचा मार्ग त्यामुळे बंद होत नाही, असे न्यायालयाने ठरवले आणि त्या मातेला दीड लाख रुपये देवविले. डी. के. बसू प्रकरणातील डिसेंबर १९९६ च्या निकालाने हेच तत्त्व अटकेच्या अकरा बंधनकारक सूचनांशी जोडले.

या निकालांमधून वाचकाने दोन गोष्टी घ्याव्यात. भरपाई शासनाने द्यायची असते. ती दोषी अधिकाऱ्याकडून वसूल करायची की नाही, हा शासनाचा आणि त्या अधिकाऱ्याचा प्रश्न आहे, आणि त्याच्या निकालासाठी नागरिकाने थांबण्याचे कारण नाही. दुसरे असे की अमेरिकेतील खटल्यांबद्दल वाचून काहींचा समज होतो की, पोलीस दलाचे धोरणच चुकीचे होते हे सिद्ध करावे लागते. तेथे शहर प्रशासनावर दावा करताना १९७८ पासून तशी अट आहे खरी. आपल्याकडे ती नाही. एका शिपायाने कर्तव्यावर असताना केलेला हक्कभंगही शासनाला जबाबदार धरण्यास पुरेसा ठरतो.

पहिली पायरी : समोर नेमके कोण होते, हे ओळखा

नाशिकमध्ये खाकी गणवेश घालणारे सर्वजण एकाच यंत्रणेचे नसतात आणि चुकीच्या यंत्रणेला प्रतिवादी केल्यास महिने वाया जातात. भद्रकाली, पंचवटी, सरकारवाडा, अंबड, सातपूर, उपनगर ही ठाणी शहर पोलीस आयुक्तांच्या अखत्यारीत आहेत. सिन्नर, इगतपुरी, दिंडोरी, निफाड, येवला, सुरगाणा येथील ठाणी ग्रामीण पोलीस अधीक्षकांच्या हाताखाली येतात. हा फरक तक्रार कोणाकडे द्यायची एवढ्यापुरताच आहे, कारण भरपाईच्या प्रकरणात दोन्हीकडे मुख्य प्रतिवादी महाराष्ट्र शासनच असते. नाशिक रोड रेल्वे स्थानकावर मात्र काळजी घ्यावी. तेथील लोहमार्ग पोलीस राज्य शासनाचे आहेत आणि रेल्वे सुरक्षा दल केंद्र शासनाचे आहे. महापालिकेच्या अतिक्रमण पथकाने काही केले असेल तर महापालिका जबाबदार ठरते, पण पथकासोबत बंदोबस्ताला आलेल्या पोलिसांच्या कृतीला पुन्हा राज्य शासनच.

सिंहस्थासारख्या मोठ्या बंदोबस्तात बाहेरच्या जिल्ह्यांतून कर्मचारी येतात आणि काही दिवसांत परत जातात. अशा वेळी नाव कळले नाही तरी बक्कल क्रमांक, छातीवरील नामपट्टी, वाहनाचा क्रमांक, वेळ आणि चौक एवढे टिपून ठेवावे. कर्मचारी जळगावचा असो वा सोलापूरचा, जबाबदारी महाराष्ट्र शासनाचीच राहते. तो नेमका कोण होता, हे बंदोबस्ताच्या नोंदींवरून शोधता येते.

दुसरी पायरी : माणूस ठाण्यात असतानाच कागद तयार करा

नातेवाइकाला नेले असे कळताच बहुतेक लोक ठाण्याबाहेर जाऊन उभे राहतात आणि ओळखीच्या माणसाला फोन करतात. ते करावे, पण त्याआधी ११२ वर फोन करून अमुक व्यक्तीला अमुक वेळी अमुक ठाण्यात नेले आहे, एवढे सांगावे. त्या फोनची नोंद होते, आणि पुढे पोलिसांनी अटकेची वेळ दुसऱ्या दिवशीची दाखवली तर ही नोंद साक्षीदाराचे काम करते. त्यानंतर ठाणे अंमलदाराकडे साधा लेखी अर्ज द्यावा. अटक झाली आहे का, कोणत्या गुन्ह्यात, आणि नसल्यास त्या व्यक्तीला कोणत्या अधिकाराने थांबवून ठेवले आहे, हे त्यात विचारावे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि सहीसह पोच घ्यावी. पोच दिली नाही तर तोच अर्ज त्याच दिवशी आयुक्तालयाला किंवा अधीक्षक कार्यालयाला ई-मेलने आणि स्पीड पोस्टने पाठवावा.

‘अटक नाही, फक्त चौकशीला बसवले आहे’ हे वाक्य ऐकून पुष्कळ कुटुंबे निर्धास्त होतात. वास्तविक सर्वाधिक काळजी याच वाक्याची करावी, कारण कायद्याला अटक आणि मोकळीक या दोनच अवस्था ठाऊक आहेत. माणसाला उठून घरी जाता येत नसेल, तर तो अटकेत आहे आणि अटकेचे सर्व हक्क त्याला त्या क्षणापासून लागू होतात.

हे हक्क आता १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहेत. कलम ३५ नुसार सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटक का आवश्यक आहे, याची कारणे पोलिसांना लिहावी लागतात, आणि ती आवश्यक नसेल तर हजर राहण्याची नोटीस द्यावी लागते. कलम ३६ प्रमाणे अटकेचा पंचनामा करावा लागतो, त्यावर कुटुंबातील व्यक्तीची किंवा परिसरातील प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही हवी आणि अटक झालेल्या व्यक्तीचीही सही हवी. कलम ३८ चौकशीदरम्यान वकिलाला भेटण्याचा हक्क देते, जरी वकील पूर्ण वेळ शेजारी बसू शकत नसला तरी. कलम ४७ अटकेची कारणे सांगण्यास आणि कलम ४८ नातेवाइकाला कळवण्यास पोलिसांना बांधते. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये, महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात, अटकेची कारणे त्या व्यक्तीला समजेल अशा भाषेत लेखी दिली पाहिजेत, आणि ती आधी देता आली नाहीत तरी रिमांडसाठी, म्हणजे कोठडीच्या आदेशासाठी, न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर करण्यापूर्वी किमान दोन तास दिली पाहिजेत, असे स्पष्ट केले. प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभे करण्याचे बंधन तर संविधानाच्या अनुच्छेद २२ मध्येच आहे. महिलेला अपवादात्मक परिस्थिती वगळता सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही, आणि तो अपवाद वापरायचा असेल तर महिला अधिकाऱ्याने न्यायदंडाधिकाऱ्यांची आगाऊ परवानगी घ्यावी लागते.

यातील कोणते पाऊल चुकले, हे तारीख आणि वेळेसह लिहून ठेवावे. भावना नंतर मांडता येतील, वेळ मात्र आठवणीतून लवकर निसटते.

तिसरी पायरी : न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे बोला आणि वैद्यकीय नोंद मिळवा

माझ्या मते संपूर्ण प्रकरणातील सर्वांत मोलाची काही मिनिटे म्हणजे रिमांडची पहिली सुनावणी. न्यायदंडाधिकारी ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का’ असे विचारतात आणि शेजारी उभ्या पोलिसाच्या भीतीने माणूस ‘नाही’ म्हणतो. ते ‘नाही’ आदेशपत्रात लिहिले जाते आणि दोन वर्षांनी उच्च न्यायालयात सरकारी वकील तेच वाचून दाखवतात. उलट, ‘मला पट्ट्याने मारले, पाठीवर वळ आहेत’ एवढे वाक्य त्या वेळी उच्चारले, तर न्यायदंडाधिकारी वैद्यकीय तपासणीचा आदेश देऊ शकतात आणि पोलिसांनी न लिहिलेली घटना न्यायालयाच्या दप्तरात येते. म्हणून वकिलाने आणि नातेवाइकांनी त्या माणसाला आधीच धीर देऊन हे सांगून ठेवावे. सुरगाणा किंवा पेठ भागातील आदिवासी बांधवांना प्रमाण मराठीत बोलणे अवघड जात असेल, तर दुभाषी मागावा. तशी मागणी करण्यात संकोच बाळगू नये.

संहितेच्या कलम ५३ नुसार अटकेनंतर लगेच सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याने तपासणी करायची असते आणि अंगावर जखमा असल्यास त्या, त्यांच्या अंदाजे वेळेसह, नोंदवायच्या असतात. अहवालाची प्रत अटक झालेल्या व्यक्तीला किंवा तिने नेमलेल्या व्यक्तीला द्यायची असते. व्यवहारात ही तपासणी पुष्कळदा उभ्या उभ्या उरकली जाते. डॉक्टरांना प्रत्येक जखम दाखवावी, ती कशी झाली ते सांगावे आणि ‘पोलिसांनी मारले’ हे शब्द केसपेपरवर लिहून घेण्याचा आग्रह धरावा. सुटका झाली असेल तर त्याच दिवशी त्र्यंबक रोडवरील जिल्हा शासकीय रुग्णालयात, म्हणजे आपण ज्याला सिव्हिल म्हणतो तेथे, जाऊन एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे कायदेशीर प्रकरणासाठीची वैद्यकीय नोंद) नोंदवून घ्यावी. खासगी डॉक्टरांचे प्रमाणपत्र निरुपयोगी नसते, पण सरकारी रुग्णालयातील नोंद शासनाला नाकारणे फार जड जाते. जखमांची छायाचित्रे रोज काढावीत, कारण वळांचा रंग बदलत जातो आणि त्या बदलावरून डॉक्टर जखमेच्या वयाबद्दल मत देऊ शकतात.

हे सर्व इतक्या तपशीलाने सांगण्याचे कारण २००६ सालचा सुबे सिंग विरुद्ध हरियाणा हा निकाल आहे. हक्कभंग उघड आणि निर्विवाद असेल तरच रिट याचिकेत, म्हणजे हक्कभंगाबद्दल थेट उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयात केलेल्या अर्जात, भरपाई देणे योग्य, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटले, आणि छळाचा आरोप तपासताना वैद्यकीय अहवाल, अंगावरील खुणा किंवा अपंगत्व यांसारखा आधार आहे का, हे पाहण्यास सांगितले. केवळ प्रतिज्ञापत्राच्या बळावर भरपाई मिळेल, अशी आशा कोणत्याही वकिलाने अशिलाला दाखवू नये.

चौथी पायरी : सीसीटीव्ही चित्रण पुसले जाण्यापूर्वी मागा

डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्याचे प्रवेशद्वार, कोठडी, व्हरांडा, अधिकाऱ्यांच्या खोल्या आणि मागचा भाग चित्रणाखाली आणण्याचा आदेश दिला. चित्रण १८ महिने जपावे, आणि तशी उपकरणे उपलब्ध नसल्यास कोणत्याही परिस्थितीत एक वर्षापेक्षा कमी काळ नको, असे त्यात म्हटले आहे. तरीही मुदतीवर विसंबून राहू नये. घटनेनंतर पहिल्या आठवड्यातच, कोणत्या तारखेचे, किती ते किती वाजेपर्यंतचे आणि कोणत्या कॅमेऱ्याचे चित्रण जपून ठेवावे, असा लेखी अर्ज ठाण्याला आणि वरिष्ठ कार्यालयाला द्यावा. पुढे ठाण्याने कॅमेरा बंद होता असे सांगितले, तरी तुम्ही वेळेत मागणी केली होती ही गोष्ट न्यायालयाच्या नजरेतून सुटत नाही.

सोबत माहिती अधिकाराचा अर्ज करावा. स्टेशन डायरीतील त्या दिवसाच्या नोंदी, अटक नोंदवही, कोठडीची नोंदवही आणि ड्युटी वाटपाचा तक्ता त्यात मागावा. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज १५० शब्दांत आणि एका विषयापुरता असावा लागतो, म्हणून चित्रणाचा अर्ज वेगळा आणि नोंदवह्यांचा वेगळा करावा. शुल्क १० रुपयांचे आहे. माणूस अजून ताब्यात असेल, तर जीवित आणि स्वातंत्र्याशी संबंधित माहिती ४८ तासांत देण्याचे बंधन कायद्याच्या कलम ७ मध्ये आहे, आणि तसा स्पष्ट उल्लेख अर्जात करावा.

पाचवी पायरी : भरपाईचा मार्ग निवडा

तीन मार्ग आहेत आणि ते एकमेकांना पूर्णपणे वगळत नाहीत.

मानवी हक्क आयोगाचा मार्ग सर्वांत सोपा आहे. मुंबईतील महाराष्ट्र राज्य मानवी हक्क आयोगाकडे किंवा दिल्लीतील राष्ट्रीय आयोगाकडे साध्या कागदावर, मराठीत, कोणतेही शुल्क न भरता तक्रार करता येते. मात्र घटनेपासून एक वर्ष उलटल्यानंतर आयोग चौकशी करू शकत नाही. तसेच एका आयोगापुढे प्रकरण चालू असताना दुसरा त्यात पडत नाही, म्हणून दोन्हीकडे एकदम अर्ज टाकण्यात फायदा नाही. आयोग अहवाल मागवतो, स्वतःच्या तपास शाखेकडून चौकशी करवू शकतो आणि भरपाईची शिफारस करतो. ती शिफारस न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखी नसते, परंतु आयोगाने गोळा केलेली कागदपत्रे पुढे उच्च न्यायालयात फार उपयोगी पडतात.

दुसरा मार्ग उच्च न्यायालयातील अनुच्छेद २२६ खालील रिट याचिकेचा. नाशिक जिल्हा मुंबईच्या मुख्य पीठाच्या कक्षेत येतो. शेजारचे अहिल्यानगर, धुळे आणि जळगाव हे जिल्हे छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठाकडे जातात, त्यामुळे घटना जिल्ह्याच्या सीमेवर घडली असेल तर हे आधी तपासावे. याचिकेत गृह विभागामार्फत महाराष्ट्र शासन, आयुक्त किंवा अधीक्षक, ठाण्याचे प्रभारी आणि संबंधित अधिकारी यांना प्रतिवादी करतात. घटनाक्रम तारीखवार लिहावा, प्रत्येक विधानाला वरच्या पायऱ्यांत मिळवलेला एक कागद जोडावा, आणि ज्याला कागद नाही ते विधान जपून करावे. याचिकेला ठरावीक मुदत नाही, पण उशिराचे कारण न्यायालय विचारतेच. येथे मिळणारी रक्कम पुष्कळदा अंतरिम स्वरूपाची असते आणि पुढे दिवाणी दाव्यात अधिक रक्कम मंजूर झाली तर ती त्यातून वजा होते.

तिसरा मार्ग दिवाणी दाव्याचा. कमाई बुडाली, कायमचे अपंगत्व आले किंवा उपचारांवर मोठा खर्च झाला, तर संपूर्ण हिशेब मांडायला हीच जागा योग्य, कारण येथे साक्षीपुरावे आणि उलटतपासणी होते. मात्र नवख्या माणसाची सर्वाधिक फसगतही याच ठिकाणी होते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे शासनाला दोन महिन्यांची आगाऊ नोटीस द्यावी लागते. राज्य शासनासाठी ती सचिवांना किंवा जिल्हाधिकाऱ्यांना देता येते. दुसरीकडे महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चे कलम १६१ असे सांगते की, कर्तव्याच्या आडून किंवा अधिकार ओलांडून केलेल्या कृत्याबद्दलचा दावा त्या कृत्यापासून सहा महिन्यांत दाखल झाला पाहिजे, आणि संबंधित अधिकाऱ्याला किमान एक महिन्याची नोटीस द्यावी. कोठडीत मारहाण करणे हे कर्तव्याच्या आडून केलेले कृत्य ठरतच नाही, असा युक्तिवाद करता येतो आणि तो सबळही आहे, पण त्याच्या भरवशावर मुदत जाऊ देणे धोक्याचे. घटनेनंतर तीन महिन्यांच्या आत दोन्ही नोटिसा निघाल्या पाहिजेत, असे धरून चालावे. सर्वसाधारण मुदत कायद्यातही बेकायदा डांबून ठेवल्याबद्दलच्या दाव्याला एकच वर्ष मिळते.

फौजदारी तक्रार आणि पोलीस तक्रार प्राधिकरण हे मार्ग व्यक्तिगत दोषासाठी आहेत, त्यामुळे येथे त्यांचा उल्लेख थोडक्यात करतो. ठाण्याने गुन्हा नोंदवला नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे वरिष्ठांकडे आणि नंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. कबुलीसाठी मारहाण करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२० खालील गुन्हा आहे. प्राधिकरणांची तरतूद, राज्य आणि विभाग या दोन्ही पातळ्यांवर, २०१४ च्या दुरुस्तीने पोलीस अधिनियमात आली. अधिकारी फौजदारी खटल्यात सुटला म्हणून शासनाची जबाबदारी आपोआप संपत नाही, कारण दोन्हीकडे पुराव्याचा निकष वेगळा आहे. त्याचप्रमाणे आरोपी निर्दोष सुटला एवढ्यावरून त्याला आपोआप भरपाईही मिळत नाही. अटक किंवा कोठडी बेकायदा होती, हे वेगळे दाखवावे लागते.

कोठडीत मृत्यू झाला असेल तर

अशा वेळी कुटुंबाने लगेच अंत्यविधी उरकण्याच्या दबावाला बळी पडू नये. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ नुसार न्यायदंडाधिकाऱ्यांनी स्वतंत्र चौकशी करायची असते आणि शक्य असेल तेथे नातेवाइकांना कळवून उपस्थित राहू द्यायचे असते. शवविच्छेदनाचे चित्रीकरण व्हावे, ही राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाची जुनी सूचना आहे, आणि ठाण्याकडून किंवा जिल्ह्याकडून आयोगाला २४ तासांत कळवले जाणे अपेक्षित असते. चित्रीकरणाची आणि अहवालाची प्रत लेखी मागावी. कोठडीत गेलेला माणूस जिवंत बाहेर आला नाही, तर काय घडले याचा खुलासा शासनाने करायचा असतो, आणि नीलाबती बेहेरा प्रकरणात मुलगा कोठडीतून पळून गेला ही पोलिसांची कहाणी न्यायालयाने फेटाळली ती याच न्यायाने.

वकील परवडत नसेल तर

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे महिला, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. नाशिकचे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण जुन्या सीबीएसजवळील जिल्हा न्यायालयाच्या आवारात आहे, तालुक्याच्या न्यायालयांत तालुका समित्या आहेत, उच्च न्यायालयातील याचिकेसाठी तेथील विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो, आणि १५१०० या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करून सुरुवात करता येते. भेटीला जाताना ठाण्याची पोच, केसपेपर, छायाचित्रे, रिमांडच्या आदेशाची प्रत आणि तारीखवार टिपण एवढे सोबत न्यावे. मूळ कागद कोणाकडेही ठेवू नयेत, छायाप्रती द्याव्यात.

तक्रार मागे घ्यावी म्हणून कोणी घरी आले, पैसे देऊ केले किंवा नव्या गुन्ह्यात अडकवण्याची धमकी दिली, तर तीही गोष्ट तारखेसह लिहून त्याच दिवशी वकिलामार्फत आयोगाला किंवा न्यायालयाला कळवावी आणि संरक्षणाची मागणी स्वतंत्र अर्जाने करावी.